फळ हातात दिलं, कर्म मात्र काढून घेतलं

।। श्री गुरवे नमः ।।



दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फोटोंचा पूर येतो. फराळाची ताटं, कंदील, किल्ले, रांगोळ्या, नवे कपडे. या वेळी फोटोंच्या जोडीला एक प्रश्नही आला. बडा गणपतीजवळच्या एका गल्लीत राहणाऱ्या आपल्या परिवारातल्या एका आजींनी तो सत्संगानंतर विचारला. "लेकरांच्या भल्यासाठी त्यांच्याशी थोडी लबाडी केली, तर ते पाप का हो?"

ऐकणारे हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. प्रश्न फक्त त्यांच्या घरापुरता नाही असं वाटलं, म्हणून त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, या अंकात आपण त्यावर विचार करूया.

*आजींची सुट्टी*

या आजींकडे दिवाळीत चार नातवंडं जमतात. दोन पुण्याहून येतात, एक बंगळुरूहून, आणि एक नात इंदूरचीच, वरच्या मजल्यावर राहणारी. सगळ्यात मोठी तेरा वर्षांची, सगळ्यात धाकटा सहाचा. चौघांच्या मिळून भाषा तीन आणि मोबाइल दोन. पहिल्या दिवशी चारही डोकी त्या दोन मोबाइलांवर वाकलेली.

आजी ओरडत नाहीत. "ठेव तो फोन" असं म्हणत नाहीत. त्या कापसाची टोपली घेऊन खिडकीत बसतात आणि मोठ्याने पुटपुटतात, "आता मेलं दिसतही नाही. पाडव्यापर्यंत या वाती होतात की नाही देव जाणे." पाच मिनिटांत धाकटा शेजारी येऊन बसतो. मग आजी मोजायला लागतात आणि अठ्ठावीसनंतर एकदम बत्तीस म्हणतात. धाकटा ओरडतो, "आजी, चूक! एकोणतीस!" झालं. पुढची मोजणी त्याच्याकडे. फुलवात कशी, तेलवात कशी, कापूस किती ओढायचा, बोटाला राख किंवा दूध का लावायचं, हे सगळं तो न विचारता शिकतो.

जी नात सगळ्यात आळशी, तिला आजी कामाला लावत नाहीत. तिला मुकादम करतात. "तू फक्त बघ, कुणाच्या करंजीला मुरड नीट पडली नाही ते." बघता बघता ती स्वतःच मुरड घालायला बसते, कारण दुसऱ्याची चूक नुसती बघत बसणं फार वेळ जमत नाही.

कंदिलासाठी नवा कागद आणत नाहीत. आपल्या इंदूरला २०१७ मध्ये पहिल्यांदा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मान मिळाला, तेव्हापासून ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ही सवय घराघरांत मुरली आहे. आजी सुक्या कचऱ्याचा डबा मुलांपुढे उपडा करतात. "गाडी यायच्या आत यातलं काय काय वाचवता येतं, बघा बरं." मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे, साडीच्या पिशवीचा पारदर्शक कागद, जुन्या पत्रिकांची सोनेरी किनार, यातून कंदील होतो. कचरागाडीचं गाणं गल्लीत वाजायला लागलं की चौघांची एकच धांदल.

आता सांगा, आजींना दिसत नाही का? चांगलं दिसतं. त्या अजून सुईत दोरा ओवतात. मोजणी चुकते का? मुळीच नाही. म्हणजे या सगळ्या लबाड्याच आहेत.

*युक्ती ही आपल्या परंपरेला नवी नाही*

आपल्या जुन्या गोष्टी युक्तीकडे तुच्छतेने बघत नाहीत. पंचतंत्राची कथाच अशी आहे, की राजाची तीन मुलं शिकायला तयार नव्हती, तेव्हा विष्णुशर्मा नावाच्या म्हाताऱ्या पंडिताने सहा महिन्यांत त्यांना शहाणं करण्याचं वचन दिलं. त्याने त्यांना धडे दिले नाहीत. कावळे, कोल्हे, माकडं आणि मगरी यांच्या गोष्टी सांगितल्या. मुलांना वाटलं आपण गोष्ट ऐकतोय. पंडिताला माहीत होतं, ती नीती शिकतायत.

आणि ज्यांच्या सावलीत या आजी राहतात, ते बडे गणपती? पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कार्तिकेय मोरावर बसून निघाले. गणपतींनी आई-वडिलांना प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, माझी पृथ्वी हीच. ही युक्तीच होती. पण तीत चोरी कुठे होती? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कारण सांगून केलेली युक्ती.

इथे आपल्याला पहिली खूण सापडते. *युक्ती उघडी पडल्यावर मागे काय उरतं, ते बघावं.* उद्या धाकट्याला कळलं, की आजीला एकोणतीस येत होते, तर काय होईल? तो हसेल. "आजी, तू नाटक करून राहिली होतीस!" म्हणेल. आजीही हसतील. आणि वाती वळण्याची कला त्याच्या बोटांत तशीच राहील. आजींनी त्याचं काही घेतलेलं नाही, उलट त्याच्यात होतं ते बाहेर काढलं.

इथवर आजींचं मन स्वच्छ होतं. प्रश्न या युक्त्यांचा नव्हताच. तो होता किल्ल्याचा.

*मावळ्याचा हात*

माळव्यात श्राद्धपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, रोज नवी आकृती. शेवटी शेवटी किलाकोट निघतो आणि मग सगळं पाण्यात सोडून देतात. आपल्या मराठी घरांत त्यानंतर महिन्याभरात दगड-मातीचा किल्ला उभा राहतो. या आजींच्या अंगणातही दरवर्षी होतो. वर शिवाजी महाराज, उतारावर अळीव पेरलेला, पायथ्याशी विहीर आणि जागोजागी मावळे.

बाजारात तयार मावळे मिळतात. पण धाकट्याला या वेळी स्वतः करायचा होता. त्याने काळ्या मातीचा मावळा केला. एक हात दुसऱ्यापेक्षा लांब, नाक वाकडं, ढाल पोळीएवढी. दिवसभर त्याने त्याला चारदा जागा बदलून उन्हात ठेवला.

ज्यांनी माळव्याची काळी माती हाताळली आहे त्यांना माहीत आहे, ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. शेतातसुद्धा उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून जाणकार त्यात थोडी वाळू मिसळतात, भुसा किंवा कापसाचे तंतू घालतात, म्हणजे माती धरून राहते. धाकट्याच्या मातीत यातलं काहीच नव्हतं. रात्री मावळ्याच्या छातीला भेग गेली आणि लांब हात खांद्यापासून निखळला.

मुलं झोपली होती. आजींनी ते पाहिलं. ओली माती लावून हात चिकटवून पाहिला, पण वाळलेल्या मातीला ओली माती धरत नाही, सुकताना पुन्हा सुटते. मग त्यांनी नवाच मावळा केला. कापूस घालून मळलेल्या मातीचा, तस्साच, तेवढ्याच उंचीचा. चुलीच्या उबेला वाळवला आणि त्याच जागी ठेवून दिला. जुना तुळशीच्या कुंडीमागे.

सकाळी धाकटा आला. बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, सच्ची सांग. हा तू केलास ना?"

"छे रे, तुझाच आहे."

"माझ्या मावळ्याचा हात लांब होता."

त्याने तो मावळा उचलून पायरीवर ठेवला आणि किल्ल्याकडे पाठ करून बसला. रडला नाही. घरातले म्हणाले, काय हट्टी मुलगा, आजी रात्रभर जागली आणि याला कौतुक नाही. आजींना मात्र त्याचा चेहरा बघून धस्स झालं.

*काय दिलं आणि काय घेतलं*

आजींचा हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? दोन तासांची झोप मोडून त्यांनी ते केलं होतं. मग मुलाला लागलं काय?

आपण सगळे गीतेचा दुसरा अध्याय ऐकत आलो आहोत. तिथे भगवंत अर्जुनाला सांगतात, की तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. आपण हे वाक्य बहुतेक वेळा स्वतःच्या समाधानासाठी वापरतो. परीक्षेत, धंद्यात मनासारखं झालं नाही, की म्हणतो, फळ आपल्या हाती नसतं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. फळ गेलं तरी चालेल, पण कर्मावरचा अधिकार हा माणसाचा आहे, तो कुणी घेऊ नये. आजींनी त्या रात्री नेमकं उलट केलं. *फळ हातात दिलं, आणि कर्म काढून घेतलं.* मुलाला छान मावळा मिळाला. पण "मी केला" हे गेलं.

तिसऱ्या अध्यायात आणि पुन्हा अठराव्यात भगवंत म्हणतात, की दुसऱ्याचा धर्म कितीही नीट पार पाडता आला, तरी स्वतःचा उणा असलेला धर्मच बरा. मोठमोठ्या अर्थांबरोबर याचा एक साधा, घरगुती अर्थही घ्यायला हरकत नाही. वाकड्या नाकाचा स्वतःचा मावळा हा सरळ नाकाच्या दुसऱ्याच्या मावळ्यापेक्षा बरा.

आणि हे फक्त किल्ल्यात घडतं का? शाळेचा प्रकल्प रात्री बारा वाजता वडील पूर्ण करतात आणि सकाळी मुलाच्या नावाने जमा होतो. चित्रकलेच्या स्पर्धेत आई "फक्त बॉर्डर" काढून देते. मुलाला बक्षीस मिळतं, ग्रुपवर फोटो येतो, अंगठ्यांचा पाऊस पडतो. मूल फोटोत हसतं. पण त्याला ठाऊक असतं. त्या बक्षिसाने त्याला एकच धडा मिळतो, की तू केलेलं होतं तसं दाखवण्याजोगं नव्हतं.

*खरी गोष्ट पुढेच होती*

आजींना धस्स का झालं, ते त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले.

गेल्या दिवाळीत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. सोऱ्या दाबताना जोर पुरत नसे. चकल्या तुटायच्या, वळे सुटायचे. घरच्यांना वाईट वाटलं. आईच्या मनाला लागू नये म्हणून त्यांनी बाजारातून चकल्या आणल्या, डब्यात तुटक्यांच्या जागी त्या भरल्या आणि पाहुण्यांपुढे ताट ठेवून म्हणाले, "आईच्या हातच्या आहेत." पाहुण्यांनी वाहवा केली. आजींनी एक तुकडा तोंडात टाकला. पन्नास वर्षं ज्यांनी भाजणी भाजली, त्यांना ती कुणाची आहे ते कळणार नाही का? त्या काही बोलल्या नाहीत. हसून ताट पुढे सरकवलं. एवढंच म्हणाल्या आम्हाला, "त्या दिवशी मला वाटलं, माझं स्वयंपाकघर माझ्यासमोरच आवरून ठेवलं."

म्हणजे घरात दोन माणसं होती, एक सहा वर्षांचा आणि एक सत्तरीपुढची, आणि दोघांना एकच जखम झाली होती, दोन्ही वेळा प्रेमाने.

इथे हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या दारात येऊन उभा राहतो. आपण मधल्या पिढीतले लोक वर आई-वडिलांच्या बाबतीत आणि खाली मुलांच्या बाबतीत हेच करत असतो. वडिलांना बँकेचं काम सांगत नाही, परस्पर उरकतो. आईची शिवण परस्पर शिंप्याकडे देतो. वेळ वाचतो, वाद टळतो, वस्तू चांगली होते. आणि माणूस हळूहळू आपल्याच घरात पाहुणा होत जातो.

*मग मदत करायचीच नाही का?*

असा अर्थ कुणी काढू नये. उकळत्या तेलापाशी सहा वर्षांच्या मुलाला एकटं सोडणं हा अधिकार देणं नव्हे, तो निष्काळजीपणा झाला. थरथरणाऱ्या हातात गरम कढई देणंही तसंच. काही कामं काढून घ्यावीच लागतात. फरक एवढाच, की ती सांगून काढून घ्यावी. "आई, तेलाजवळ आता मी उभा राहतो. भाजणीचं प्रमाण तू सांग, मोहन किती ते तू बघ." यात हातातलं काम गेलं, पण मान राहिला. कदाचित आईला राग येईल. येऊ द्या. उघड राग परवडला. गुपचूप दुःखाला बोलायला जागा नसते.

कुणी म्हणेल, सत्य बोलून लहानग्याचं मन मोडण्यापेक्षा गोड खोटं काय वाईट? पण नीट बघा, मन आधी मोडलं होतं का? मावळा मोडला होता, मन नव्हतं. मोडक्या मावळ्यापाशी मुलगा रडला असता, चिडला असता, मग विचारलं असतं, "का तुटला?" त्या "का"मध्येच पुढची शिकवण होती. आपण दुःख झाकतो तेव्हा त्याच्यासोबत प्रश्नही झाकून टाकतो.

या बाबतीत गणपतीच्या जन्माची कथा फार मोठं सांगून जाते. पार्वतीमातेने त्याला स्वतःच्या हातांनी घडवलं, अंगाच्या मळापासून, कुणी म्हणतात उटण्यापासून. म्हणजे आपलं आद्य दैवत हेच मुळी आईच्या हातची वस्तू. मग ते शिर तुटलं. शंकरांनी काय केलं? ते सर्वसमर्थ. हुबेहूब तसंच शिर बसवून "काही झालंच नाही" म्हणू शकले असते. त्यांनी हत्तीचं शिर लावलं. जोड लपवली नाही. जगाला दिसेल अशी ठेवली. आणि आज आपण त्याला त्या जोडामुळेच ओळखतो, गजानन म्हणतो, पहिली पूजा त्याची करतो.

आपले बडे गणपतीही बघा. सुमारे २५ फुटांची बैठी मूर्ती. दगडात कोरलेली नव्हे, तर विटा, चुना, गूळ, मेथीदाणा आणि तीर्थांची माती यांतून बांधलेली, असं सांगतात. शंभराहून अधिक वर्षं ती उभी आहे ती नुसती एकदा घडवली म्हणून नव्हे. तिला तूप-शेंदराचा चोला पुन्हा पुन्हा चढवतात. एवढी भव्य मूर्ती, त्यामुळे त्या सेवेला कितीतरी दिवस लागतात. ते काम लपूनछपून होत नाही. भक्तांना माहीत असतं. डागडुजी हीसुद्धा सेवाच असते, तिची लाज नसते.

*गुरू काय करतात?*

शेवटी हा विचार आपल्या साधनेपर्यंत आणून सोडूया. आपल्यापैकी कितीतरी जण अडचण आली की म्हणतात, "महाराज बघून घेतील." श्रद्धा म्हणून ठीक. पण सद्गुरू आपला जप आपल्याऐवजी करतात का? आपला राग आपल्याऐवजी आवरतात का? श्रीकृष्णांनी महाभारतात कमी युक्त्या केल्या नाहीत. रथ हाकला, घोडे धुतले, वेळेवर इशारा दिला. पण गांडीव उचललं नाही. सगळी गीता सांगून झाल्यावरही म्हणाले, की आता याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल ते कर. ज्याच्या हातात सगळं होतं, त्याने अर्जुनाचा हात अर्जुनाकडेच ठेवला.

म्हणून आजींच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला असं वाटतं. मुलाला कामापर्यंत नेणारी लबाडी ही माया आहे. मुलाच्या हातून काम काढून घेणारी लबाडी, मग ती कितीही प्रेमाची असो, ती मायेच्या रूपातली चोरी आहे. पाप हा शब्द मोठा आहे, तो आपण वापरायला नको. पण ऋण नक्की आहे, आणि ते फेडता येतं.

आजींनी ते कसं फेडलं, तेही सांगतो. दुपारी त्यांनी कुंडीमागचा मोडका मावळा धाकट्यापुढे ठेवला. "हा तुझा. रात्री मोडला. तो दुसरा मी केला, आणि खोटं बोलले." धाकट्याने दोन्ही मावळे शेजारी ठेवून पाहिले. मग विचारलं, "तुझा का नाही फुटला?" आजींनी कापूस आणला. दोघांनी माती मळली. जुना हात काही जुळला नाही. त्याने चिंधी घेतली आणि मावळ्याचा खांदा बांधून टाकला. "लढाईत लागलंय त्याला," म्हणाला. तो मावळा वर महाराजांजवळ बसला. आजींचा मावळा त्याने खाली दारात उभा केला, पहारेकरी म्हणून. कुणाला कुठे ठेवायचं, हे त्याने ठरवलं.

आणि भाऊबीजेला आजींनी मुलाला आणि सुनेला सांगितलं, की या वर्षी डब्यात तुटक्या चकल्याच राहतील.

*या सुट्टीत आपण काय करूया*

१. मुलांनी केलेली एक तरी वस्तू, वाकडी असली तरी, न सुधारता दारात किंवा देवापाशी ठेवूया. मदत केली असेल तर पाहुण्यांना तसंच सांगूया, "याने केलं, आम्ही हात लावला."

२. घरातल्या ज्येष्ठांना एक काम विचारूया, जे आपण त्यांच्याकडून न सांगता काढून घेतलं आहे. ते परत देता येत असेल तर देऊया. येत नसेल, तर समोर बसून बोलूया.

३. ग्रुपवर फोटो टाकताना या वेळी तुटक्या चकलीचा आणि भेग गेलेल्या किल्ल्याचाही टाकूया.

आपल्या घरात अशी काही गोष्ट घडली असेल तर जरूर लिहून पाठवा. नावं घालणार नाही. हा संदेश आजी-आजोबांना वाचून दाखवा, मुलांनाही ऐकवा. त्यांचं मत आपल्यापेक्षा वेगळं निघालं तर तेही कळवा.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. सद्गुरुचरणी प्रार्थना, की आपल्या हातांना काम आणि एकमेकांच्या कामाला मान मिळो.

।। श्री गुरुदेव दत्त ।। 🪔🙏